भिंतीवरचा चेहरा आणि त्याखालचे नाव

(कुरखेडा येथे भरलेल्या बौद्ध उपासक-उपासिकांच्या सभेत एका वकील बंधूंनी दिलेले व्याख्यान)



आजच्या सभेसाठी विषय कळवा, असा निरोप आला तेव्हा मी ‘राष्ट्रीय व्यक्तिचित्रदालने आणि आपण’ असा विषय कळविला. त्यावर आपल्या चिटणीसांनी मला विचारले, “वकीलसाहेब, सातबारा, जातीचा दाखला, वनहक्काचा दावा, एवढे विषय पडले असता चित्रांवर काय बोलणार?” प्रश्न रास्त आहे. ज्याच्या घराचे छप्पर गळते त्याला भिंतीवरील तसबिरीची गोष्ट सांगणे हा विनोदच ठरावा. तथापि मी चित्रकलेचा जाणकार नाही, वकील आहे. आणि मी जे सांगणार आहे ते वस्तुतः पुराव्याविषयी आहे. कोण होऊन गेले, त्याचा चेहरा कसा होता, त्याचे नाव काय होते आणि हे सांगण्याचा अधिकार कोणाकडे होता, हा तो प्रश्न आहे.

माझ्या घरची हकिकत प्रथम सांगतो. १९५६ च्या ऑक्टोबरात, नागपूरच्या दीक्षेनंतर दोनच दिवसांनी, १६ तारखेला परमपूज्य बाबासाहेबांनी चांद्यास दीक्षा दिली. त्या वेळी आपला हा सारा मुलूख चांदा जिल्ह्यातच होता. गडचिरोली जिल्हा १९८२ साली झाला. माझी आजी तेव्हा पंचविशीच्या आसपास होती. खाचरातला धान उभा होता. तो सोडून घरची चार माणसे बैलगाडीने वडशास गेली आणि तेथून छोट्या गाडीने, म्हणजे त्या वेळच्या अरुंद रुळांच्या आगगाडीने, चांद्यास पोहोचली. पांढरे लुगडे शेजारणीकडून मागून नेले होते. एवढे सारे मला तिच्या तोंडून ठाऊक आहे. परंतु त्या दिवशीचे, किंबहुना तिच्या तारुण्यातील कोणत्याही दिवसाचे, तिचे छायाचित्र आमच्या घरी नाही.

ती वारल्यावर तसबीर लावायची ठरली, तेव्हा सारे घर धुंडाळले. तिचा चेहरा एकाच ठिकाणी सापडला. तो मतदार ओळखपत्रावर. तो टपालतिकिटाएवढा काळपट ठसा घेऊन मी एका छायाचित्रकाराकडे गेलो. त्याने चित्र मोठे करून दिले खरे. परंतु तिच्या कपाळावर ठसठशीत कुंकू आले होते, गळ्यात दोन सोन्याच्या माळा आल्या होत्या, रंग उजळला होता आणि मागे एका देवळाचा कळस उभा राहिला होता. मी म्हटले, “ही माझी आजी नव्हे.” तो म्हणाला, “साहेब, सगळ्यांचे असेच करतो. चांगले दिसते.” त्याच्या मनात काही वाईट नव्हते, हे मी आजही मानतो. परंतु जिने आयुष्यभर गुंजभर सोने पाहिले नाही, जिला देवळाच्या पायरीवर उभे राहू दिले नव्हते आणि जिने धान सोडून चांद्याची वाट धरली, तिला मेल्यावर देवळासमोर दागिने घालून बसविणे हा खोटा पुरावा आहे. ते चित्र मी घेतले नाही. ओळखपत्राचाच तुकडा चौकटीत बसविला आहे. पाहुणे हसतात. हसोत.

आता बाहेरच्या जगाकडे वळू.

इंग्लंडमध्ये १८५६ साली पार्लमेंटने दोन हजार पौंड मंजूर करून लंडन येथे एक राष्ट्रीय व्यक्तिचित्रदालन स्थापन केले. जगातील त्या जातीची ही पहिली संस्था. अर्ल स्टॅनहोप यांनी हा विषय चिकाटीने लावून धरला होता. इतिहासकार मेकॉले हे तिच्या पहिल्या विश्वस्तांपैकी एक. त्या संस्थेने आरंभीच एक नियम केला आणि मला तो फार महत्त्वाचा वाटतो. चित्र घेताना चित्राची सुबकता पाहावयाची नाही, चित्रात जो आहे त्याचे इतिहासातील स्थान पाहावयाचे. साधारण हाताने काढलेले चित्र असले तरी चालेल; माणूस मात्र राष्ट्राच्या स्मरणात ठेवण्यासारखा हवा. दुसरा नियम असा की, राजा-राणी सोडून जिवंत माणसाचे चित्र घ्यावयाचे नाही. मृत्यूनंतर दहा वर्षे जाऊ द्यावयाची. लोकांची तात्पुरती वाहवा ओसरल्यावर काय उरते ते पाहावे, हा हेतू. हा दुसरा नियम १९६९ साली रद्द झाला. आपल्याकडे पुढारी जिवंत असतानाच चौकाचौकांत त्यांचे फलक लागतात, ते पाहिले की तो नियम इतक्या लवकर रद्द करावयास नको होता असे मला वाटते. पण तो त्यांचा प्रश्न आहे.

अशा संस्थेचे काम तरी काय असते? चित्रे टांगणे हे त्यातले सर्वांत सोपे काम. खरे काम त्याआधीचे. चित्र आले की प्रथम विचारावयाचे: हे कोणाचे? हे तोच माणूस समोर बसवून काढले की मेल्यावर ऐकीव माहितीवरून? कोणी काढले, केव्हा काढले, आजवर कोणाकोणाच्या घरात होते? म्हणजे आम्ही वकील ज्याला दस्ताचा ‘योग्य ताबा’ म्हणतो, तीच ही चौकशी. कायद्याचा नियम आहे की तीस वर्षांहून जुना दस्त योग्य ताब्यातून न्यायालयापुढे आला, तर त्यावरील सही ज्याची दिसते त्याचीच आहे असे न्यायालय गृहीत धरू शकते. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात हा नियम होता आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही तो आहे. जुना कागद बोलतो. परंतु तो कोठून आला हे सांगता आले तरच बोलतो. चित्राचेही तसेच. त्यानंतर चित्र वाळवी-बुरशीपासून राखणे, त्याची सूची छापणे, शाळांतील मुलांना आणून चित्रासमोर बसवून त्या माणसाची गोष्ट सांगणे, नव्या चित्रकारांच्या स्पर्धा भरविणे, ज्यांची चित्रे नाहीत त्यांची मुद्दाम काढवून घेणे, दूरच्या गावी चित्रे उसनी पाठविणे, ही कामे येतात. ही सारी जनतेच्या पैशातून चालतात आणि लंडनच्या त्या दालनातील नित्याचा संग्रह पाहण्यास तिकीट पडत नाही.

अमेरिकेत वॉशिंग्टन येथे असेच दालन आहे. तेथील काँग्रेसने १९६२ साली कायदा केला आणि १९६८ साली ते लोकांना खुले झाले. या कायद्यात एक गोम होती. दालनाने रंगचित्रे, रेखाटने, पुतळे घ्यावेत. छायाचित्रे मात्र घेऊ नयेत. छायाचित्रे दुसरी सरकारी संस्था गोळा करीत होती, तिच्याशी स्पर्धा नको, असे कारण होते. कारण निरुपद्रवी दिसते, परिणाम पाहा. तैलचित्र कोण काढवून घेई? ज्याच्यापाशी पैसा आणि दिवाणखाना असे तो. गुलामगिरीतून सुटलेल्या माणसाचे तैलचित्र कोण काढणार? त्याचा चेहरा उरला तो छायाचित्रात. म्हणजे कायद्यात वर्णाचा शब्दही न लिहिता एक प्रचंड लोकसमूह दारातच अडला. १९७६ साली कायदा बदलला तेव्हा छायाचित्रांना प्रवेश मिळाला. बंधूंनो, बहिष्कार नेहमी पाटी लावूनच होतो असे नाही. पुष्कळदा तो नियमाच्या एका निरुपद्रवी वाक्यात बसलेला असतो. कायदा शिकलेल्या मुलांनी ही वाक्ये वाचावयास शिकले पाहिजे.

याच अमेरिकेत फ्रेडरिक डग्लस नावाचा एक थोर पुरुष होऊन गेला. जन्माने गुलाम, पळून मुक्त झाला आणि गुलामगिरीविरुद्धच्या चळवळीचा नेता बनला. एकोणिसाव्या शतकातील अमेरिकनांपैकी सर्वांत अधिक छायाचित्रे या माणसाची निघाली. सुमारे १६० आज ठाऊक आहेत. त्याला स्वतःच्या रूपाचा मोह होता म्हणून नव्हे. गोऱ्या चित्रकारांच्या हातून काळ्या माणसाचा चेहरा नीट निघत नाही, तो ओठ-नाक फुगवून काढतो, अशी त्याची तक्रार होती. कॅमेरा यंत्र आहे, त्याला पूर्वग्रह नाही, म्हणून तो जेथे जाई तेथे छायाचित्र काढवून घेई. अंगात नीट कोट, नजर सरळ, मुद्रा गंभीर. हसऱ्या, समाधानी गुलामाचे चित्र मालकांना आवडे. ते त्याने त्यांना दिले नाही. आता मी विचारतो, बाबासाहेबांच्या कोटाविषयी, टायविषयी आणि हातातील पुस्तकाविषयी टवाळी करणारे लोक आपण ऐकले आहेत की नाहीत? त्या कोटाचा अर्थ डग्लसने शंभर वर्षे आधी सांगून ठेवला होता. महात्मा जोतिबा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या सज्जनांना अर्पण केला, तेव्हा हे दोन देशांतील नाते त्यांना दिसले होते.

त्याच वॉशिंग्टनच्या दालनात २०१८ साली बराक ओबामा आणि मिशेल ओबामा यांची चित्रे लागली. दोन्ही चित्रकार कृष्णवर्णीय. मिशेल ओबामांच्या चित्रापुढे दोन वर्षांची एक कृष्णवर्णीय मुलगी तोंडाचा आ करून उभी राहिलेली कोणी टिपली आणि ते छायाचित्र जगभर गेले. त्या मुलीला राज्यघटना ठाऊक नव्हती, राष्ट्राध्यक्ष म्हणजे काय तेही ठाऊक नसावे. आपल्यासारखा चेहरा एवढ्या मोठ्या भिंतीवर आहे, एवढेच तिला दिसले.

आपल्या देशात त्या नावाची राष्ट्रीय संस्था नाही. दिल्लीस १९५४ साली आधुनिक कलेचे राष्ट्रीय दालन स्थापन झाले, मुंबईत १९९६ साली त्याची शाखा निघाली. परंतु ती कलेची दालने आहेत. तरीही व्यक्तिचित्रदालन ही कल्पना आपल्याला परकी आहे काय? मुळीच नाही. जुन्नरजवळ नाणेघाट आहे. कोकणातून देशावर येणारी प्राचीन व्यापारी वाट त्या घाटाने चढते. तेथील लेण्यात दोन हजार वर्षांपूर्वी सातवाहन राजघराण्याने आपल्या कुळातील माणसांच्या मूर्ती भिंतीत एका रांगेत कोरविल्या आणि प्रत्येकीच्या डोक्यावर नाव खोदले. राजा सिमुक सातवाहन, राणी नागनिका आणि राजा सातकर्णी, राजकुमार, महारठी. मराठी मुलखातील हे सर्वांत जुने व्यक्तिचित्रदालन म्हणावयास हरकत नाही. सर्व येणाऱ्या-जाणाऱ्या व्यापाऱ्यांनी पाहावे, अशा जागी ते होते. आज तेथे काय आहे? मूर्ती नष्ट झाल्या. कोठे कोठे पायांच्या खुणा तेवढ्या दिसतात. वरची नावे मात्र शाबूत आहेत, आणि नावे शाबूत आहेत म्हणूनच आपण आज त्यांना ओळखतो.

आता नाणेघाटाहून कार्ल्यास या. कार्ल्याचे चैत्यगृह कोणा एका राजाच्या पैशाने झाले नाही. खांबाखांबावर देणाऱ्याचे नाव आहे. त्यांत यवन आहेत, व्यापारी आहेत, भिक्षुणी आहेत. आणि दरवाजा करणारा धेनुकाकट गावचा एक सुतारही आहे. त्याचे नाव सामि, बापाचे नाव वेणुवास. दोन हजार वर्षे झाली. त्या सुताराचे नाव दगडात वाचता येते. त्याच दर्शनी भिंतीवर स्त्री-पुरुषांच्या भव्य जोड्या कोरलेल्या आहेत. त्या प्रत्यक्ष देणगीदारांच्या प्रतिमा आहेत की नुसत्या शोभेच्या, यावर विद्वानांचे एकमत नाही. मी त्या वादात पडत नाही. मला एवढेच सांगावयाचे आहे की, ज्या काळात धम्म या भूमीवर जिवंत होता त्या काळात सुताराला स्वतःचे नाव भिंतीवर कोरता येत होते.

मग मधल्या काळात काय झाले? आपल्या वाडवडिलांचे नाव कोठे लिहिले गेले? कोतवाल पंजीत, तुरुंगाच्या वहीत आणि सावकाराच्या खतावर. आणि चेहरा? इंग्रज आले तेव्हा त्यांनी कॅमेरा आणला. १८६८ ते १८७५ या काळात ‘द पीपल ऑफ इंडिया’ नावाचे आठ खंड सरकारने प्रसिद्ध केले. त्यांत हिंदुस्थानातील जातीजमातींची शेकडो छायाचित्रे आहेत. पुढे १९१६ साली आपल्या मध्यप्रांतासाठी रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचे चार खंड निघाले. त्यांतही छायाचित्रे आहेत. मी ती पाहिली आहेत. माणूस आपल्यासारखाच, कधी आपल्या मामासारखा दिसतो. खाली पाहावे तर बहुधा जातीचे किंवा धंद्याचे नाव. त्या माणसाचे नाव काय, त्याच्या आईचे नाव काय, हे विचारण्याची गरज कोणाला वाटली नाही. प्राणिसंग्रहालयात पिंजऱ्यावर जशी जात लिहिलेली असते तशी ही पाटी. चेहरा आहे, व्यक्तिचित्र नाही. कारण व्यक्तिचित्र म्हणजे चेहरा अधिक नाव. नाव काढून घेतले की उरतो तो नमुना. त्याच काळात सरकारी पंडितांनी नाकांची मोजमापे घेऊन जातींचे वंश ठरविले. आणि बाबासाहेबांनी १९४८ च्या आपल्या अस्पृश्यांवरील ग्रंथात तसलीच मोजमापे हाती घेऊन ब्राह्मण आणि अस्पृश्य यांचे वंश वेगळे नाहीत असे दाखविले. ज्या फुटपट्टीने मोजले तीच फुटपट्टी उलट फिरविली!

म्हणून मला माझ्या आजीच्या ओळखपत्राचे मोल वाटते. ते चित्र वाईट आहे. परंतु त्याखाली तिचे नाव आहे, नवऱ्याचे आहे, गावाचे आहे. जातीचा रकाना त्यावर नाही. या देशाच्या सरकारने तिची एकच प्रतिमा घेतली आणि ती मतदार म्हणून घेतली.

आता राष्ट्राच्या सर्वांत मोठ्या भिंतीकडे पाहू. दिल्लीच्या जुन्या संसदभवनाचा मध्यवर्ती सभागृह, ज्या इमारतीला २०२३ पासून संविधान सदन म्हणतात, हे आपले खरे राष्ट्रीय व्यक्तिचित्रदालन आहे. या सभागृहात ९ डिसेंबर १९४६ रोजी घटना समिती प्रथम भरली. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी येथेच राज्यघटना संमत झाली. तेथील पहिले चित्र महात्मा गांधींचे, ऑस्वाल्ड बर्ली यांनी काढलेले. ते २८ ऑगस्ट १९४७ रोजी राजेंद्रप्रसादांच्या हस्ते लागले. पुढे एकामागून एक राष्ट्रपुरुष त्या भिंतीवर आले. ज्याने मसुदा समितीचे अध्यक्ष म्हणून त्याच सभागृहात कलमामागून कलम उभे राहून समजावून दिले, त्याचे चित्र केव्हा लागले? १२ एप्रिल १९९० रोजी. राज्यघटना संमत होऊन चाळीस वर्षे आणि त्यांचे महापरिनिर्वाण होऊन तेहेतीस वर्षे उलटल्यावर! ते चित्र झेबा अमरोहवी या चित्रकर्तीने काढले आणि पंतप्रधान विश्वनाथ प्रताप सिंग यांच्या हस्ते त्याचे अनावरण झाले. इमारतीबाहेर पुतळा १९६७ सालीच आला होता. ब्रह्मेश वाघ यांचा तो पुतळा राष्ट्रपती राधाकृष्णन यांनी २ एप्रिल रोजी अनावृत केला. म्हणजे अंगणात येण्यास दहा वर्षे लागली आणि घरात येण्यास तेहेतीस. आपल्यापैकी ज्यांच्या आजोबांनी अंगणात पत्रावळ घेऊन जेवण घेतले आहे, त्यांना या दोन आकड्यांचा अर्थ फोड करून सांगावा लागणार नाही.

हे १९९० साल ध्यानात ठेवा. त्याच वर्षी बाबासाहेबांना भारतरत्न मिळाले. आणि त्याच वर्षी अनुसूचित जातींच्या आदेशात दुरुस्ती होऊन बौद्धांना केंद्राच्या सवलती लागू झाल्या. भिंतीवरचे चित्र आणि कायद्यातील ओळ एकाच वर्षी आली, हा योगायोग असेल. परंतु दोन्हींच्या मागे तीच मागणी होती. सर्वोच्च न्यायालयाच्या आवारात तर बाबासाहेबांचा पुतळा २६ नोव्हेंबर २०२३ रोजी उभा राहिला. तो वकिलाच्या झग्यात आहे, याचा माझ्यासारख्याला किती आनंद झाला असेल ते सांगावयास नको.

सरकारची वाट न पाहता जे झाले तेही सांगितले पाहिजे. कोल्हापूरच्या बिंदू चौकात ९ डिसेंबर १९५० रोजी फुले आणि आंबेडकर यांचे पुतळे बसले. बाबासाहेब तेव्हा हयात होते. पुढाकार भाई माधवराव बागल यांचा. ते स्वतः चित्रकार होते. नागपूरजवळ चिचोलीस शांतिवनात बाबासाहेबांच्या नित्य वापरातील वस्तू, त्यांचा टंकलेखक, त्यांचे कपडे कार्यकर्त्यांनी जपून ठेवले. दिल्लीचे त्यांच्या महापरिनिर्वाणाच्या जागेचे राष्ट्रीय स्मारक २०१८ साली खुले झाले. आधी कार्यकर्ते, मागून सरकार, हा क्रम कायमचा आहे.

येथे कोणी उठून विचारील, आणि विचारावे, की आपण मूर्तिपूजा सोडली ना? मग चित्रांचा, पुतळ्यांचा एवढा सोस कशासाठी? देव गेले आणि तसबिरी आल्या, एवढाच फरक काय? हा प्रश्न विरोधकांचा म्हणून झटकून टाकू नये. आपल्या घरात तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर आहे, तिला हार आहे, पुढे मेणबत्ती आहे. आणि काही घरांत नवस बोलण्यापर्यंत मजल गेलेली मी पाहिली आहे.

याचे उत्तर बाबासाहेबांनीच देऊन ठेवले आहे. १८ जानेवारी १९४३ रोजी पुण्यास न्यायमूर्ती रानड्यांच्या जयंतीनिमित्त त्यांनी जे व्याख्यान दिले त्यात त्यांनी विभूतिपूजेचे दोन प्रकार वेगळे केले. थोर माणसाविषयी मनापासून आदर बाळगणे हा एक प्रकार. आपली बुद्धी त्याच्या पायाशी ठेवून तो सांगेल ते करणे हा दुसरा. पहिल्यात अपाय नाही. दुसऱ्याने समाज बुडतो. २५ नोव्हेंबर १९४९ च्या घटना समितीतील भाषणातही राजकारणातील भक्ती अधोगतीकडे नेते, असा इशारा त्यांनी दिला. स्वतःचाही अपवाद त्यांनी केला नाही. आणि तथागतांविषयी म्हणाल, तर जुन्या बौद्धांनी कित्येक शतके त्यांची मानवी मूर्ती केलीच नाही. सांचीस जा, बोधिवृक्ष आहे, चक्र आहे, पावलांच्या खुणा आहेत, बुद्ध नाही. सांची दूर वाटत असेल तर आपल्या शेजारच्या पवनीस जा. तेथील जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० साली उत्खनन झाले, स्तूप निघाला. तेथील एका स्तंभावर मुचलिंद नाग फणा पसरून उभा आहे आणि ज्याच्यावर त्याने छाया धरली ते आसन रिकामे आहे. शिल्पकाराला माणूस कोरता येत नव्हता असे नाही. नाग त्याने सुरेख कोरला आहे.

तेव्हा चित्रापुढे हात जोडून मागणे मागितले तर ती पूजा झाली. चित्रापुढे उभे राहून मुलाला त्या माणसाची गोष्ट सांगितली तर तो अभ्यास झाला. चित्र तेच, आपण त्याच्यासमोर काय करतो त्यावर सारे आहे. लंडन-वॉशिंग्टनच्या दालनांत कोणी उदबत्ती लावीत नाही. मुले जमिनीवर बसून वहीत टिपणे काढतात. आपल्या विहारातील तसबिरीखाली जन्म-मृत्यूच्या तारखा आणि चार ओळी लिहिलेल्या असाव्यात, एवढे तरी आपण करू शकतो. आज त्या तेथे नाहीत. मी येताना पाहिले.

आणखी एक गोष्ट, ती आपल्या गोंड बांधवांविषयी. वीर बाबुराव शेडमाके यांना २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात फाशी दिले. २००९ साली भारत सरकारने त्यांचे टपालतिकीट काढले. त्यांचा जो चेहरा आपण फलकांवर पाहतो तो कल्पनेने रेखाटलेला आहे. त्यात गैर काही नाही. मात्र कल्पनेचे चित्र कल्पनेचे आहे असे खाली लिहावे. वडशाच्या नाटकमंडळ्यांचे पडदे रंगविणारे हात आपल्या झाडीपट्टीत आहेत. त्यांच्याकडून थोर माणसांची चित्रे अवश्य काढवून घ्यावीत. परंतु जेथे खरा चेहरा सापडू शकतो तेथे तो शोधण्याआधी कल्पनेला हात घालू नये.

आणि खरे चेहरे अजून सापडू शकतात. चांद्यास गेलेल्या पिढीतील फार थोडी माणसे आज हयात आहेत. त्यांच्या पेट्यांत, गाडग्यांत, तसबिरीच्या मागच्या पुठ्ठ्यात काही छायाचित्रे अजून आहेत. दर पावसाळ्यात त्यांतील काही वाळवी खाते. मी जातपडताळणीची प्रकरणे चालवितो. १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा वास्तव्याचा पुरावा द्या म्हटले की लोक रडकुंडीला येतात. छायाचित्राने जात सिद्ध होत नाही, ही भ्रामक आशा मी कोणाला देणार नाही. त्यासाठी शाळेचा दाखला, कोतवाल पंजीची नक्कल, महसुली नोंद हेच लागते. परंतु छायाचित्राच्या मागे लिहिलेल्या नावावरून आजोबांचे शाळेतील नाव वेगळे होते हे कळले, आणि मग तो दाखला सापडला, असे माझ्या वकिलीत घडले आहे.

म्हणून आपल्या मंडळापुढे एक योजना ठेवली आहे आणि अध्यक्षांनी तिला संमती दिली आहे. पुढील चार रविवारी सकाळी या विहारात एक वही ठेवली जाईल. प्रत्येक घराने आपली जुनी छायाचित्रे आणावीत. ती येथे ठेवून घेतली जाणार नाहीत. सावलीच्या उजेडात, झोत न मारता, दोन्ही बाजूंची प्रत घेतली जाईल आणि मूळ चित्र तुमच्या हाती तेथल्या तेथे परत मिळेल. वहीत लिहावयाचे ते असे: चित्रातील प्रत्येकाचे नाव, आईचे नाव, बापाचे नाव, गाव, चित्र कोणी व केव्हा काढले असावे, आजवर कोणाच्या ताब्यात होते, आणि ही नावे कोणी सांगितली. जातीचा रकाना ठेवलेला नाही. दाखल्याच्या अर्जात जात लिहावी लागते, ती तेथे लिहा. या वहीत माणसाचे नाव लिहावयाचे. गोंड किंवा इतर शेजाऱ्यांना आपली चित्रे नोंदवावी वाटली तर त्यांनाही वही खुली आहे; मात्र त्यांच्या संमतीवाचून कोणाचा चेहरा टिपावयाचा नाही. ते शंभर-दीडशे वर्षांपूर्वी पुरेसे झाले आहे.

काही व्यावहारिक सूचना. चित्र काचेला चिकटले असेल तर ओढून काढू नका, तसेच आणा. पाठीमागे लिहावयाचे असल्यास मऊ पेन्सिलीने लिहा. पेनची शाई पुढे उमटते. प्लॅस्टिकच्या आवरणात गरम करून कायमचे बंद करून आणू नका, त्याने चित्र टिकत नाही, खराब होते. चेहरा उजळू नका, कुंकू काढू नका, कुंकू लावूही नका. दीक्षेपूर्वीच्या चित्रात आजीच्या हातात गंडा-दोरा असेल, मागे खंडोबाचा टाक असेल. तो पुसावयाचा नाही. ती तेव्हा तशी होती आणि ते सोडून ती चांद्यास गेली, हेच तर आपल्याला नोंदवावयाचे आहे.

स्त्रियांची चित्रे फार थोडी येतील हे मला आताच ठाऊक आहे. ज्या घरी एकही नसेल त्यांनी मतदार ओळखपत्र, रेशनकार्ड, दवाखान्याचा कागद, ज्यावर चेहरा असेल ते आणावे. तेही नसेल तर नुसते नाव सांगावे. चौकट रिकामी ठेवून खाली नाव लिहू. आणि येताना घरातील सर्वांत वृद्ध बाईला सोबत आणा. चित्रात मागच्या रांगेत डावीकडून तिसरे कोण, हे तिलाच सांगता येईल. चालता येत नसेल तर चिटणीसांना कळवा. वही घेऊन आम्ही घरी येऊ.